गाडीतला दुसरा आवाज

आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय ज्याला पुढचा घास गिळता येत नाही असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघाला. माझे हे मामेसासरे जळगावातल्या एका जिनात, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षे इंजिन सांभाळत होते. कपाशीच्या हंगामात जिथे शेजारी उभ्या माणसाचे ओरडणे ऐकू येत नाही, तिथे कुठल्या पट्ट्याची शिवण उसवू लागली आहे हे त्यांना बसल्या जागी कळे. नोकरी सुटली, कान मात्र कामावरच राहिले. आमच्याकडे जेवायला आले की वरणभाताच्या आधी रहाटाची, दाराच्या बिजागरीची आणि पाळण्याच्या कडीची विचारपूस होई. माझे शिवणयंत्र त्यांनी तीनदा उघडले. तिसऱ्यांदा त्यात काहीच बिघडलेले नव्हते. "इतकं चांगलं का चाललंय ते बघतो," असे त्यांचे म्हणणे. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांचा जबडा चावताना कट् कट् वाजत होता. मामांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाले, "एकदा डाव्या बाजूनं चावून बघा बरं." त्याने चावले, आवाज थांबला, आणि मामा समाधानाने जिलबीकडे वळले. तो गृहस्थ पुढे पंगत संपेपर्यंत उजवीकडे चावायला धजला नाही.

या सगळ्या तपासाला त्यांचे हत्यार एकच, आणि तेही मामींचे: चुलीची फुंकणी. हातभर लोखंडी नळी. तिचे एक टोक संशयिताला लावायचे, दुसरे स्वतःच्या कानाला. यंत्राच्या पोटातले सगळे त्यातून ऐकू येते म्हणे. इकडे चूल धुमसत राही आणि मामी डोळे पुसत अंगणात येत. "अहो, भाकरी कच्ची राहतेय, आणा ती इकडे!" "दोन मिनिटं. आत्ताच सापडत होतं." दोन मिनिटांचा अर्धा तास होई. मामांच्या कानाभोवती काजळीचे गोल कडे कायमचे असे, आणि तसेच ते बाजारात जात. पाहणाऱ्यांना वाटे, दृष्ट लागू नये म्हणून घरच्यांनी लावले आहे.

त्यांच्याकडे एक मोटार होती. मुलीचे लग्न झाले त्याच वर्षी जिनाच्या शेठजींनी नवी गाडी घेतली आणि जुनी मामांकडे आली. गाडी चालायची उत्तम, पण खड्डा आला की मागून खट् व्हायचे, आणि जळगावात तेव्हा खड्डे येत नसत, रस्ता मधूनमधून येत असे. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच लोक ओट्यावरून पाय वर घेत. इतर वेळी मामांनी त्या आवाजाचा दोन दिवसांत निकाल लावला असता. पण तो त्यांनी सवडीने खायच्या लाडवासारखा राखून ठेवला होता. अशी सहा वर्षे गेली.

मग धुळ्याहून निरोप आला. लग्नानंतर सहा वर्षांनी मुलीला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा सातवा सरायच्या आत तिला जळगावी आणायची, कारण आठव्यात कोणी प्रवास करू देत नाही. आगगाडीने यायचे तर चाळीसगावला बदलावे लागते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. राहिली मोटार. विहीणबाईंनी कळवले, "गाडी आणा, पण खटखट घरी ठेवून या. वाजणाऱ्या गाडीत मी सुनेला बसवणार नाही. मग बाळंतपण इथंच होईल." बाळंतिणीच्या खोलीला मामींनी आदल्याच दिवशी नवा चुना लावून घेतला होता.

सातवा सरायला पंधरा दिवस होते. मामांनी गाडी दगडांवर चढवली आणि स्वतः खाली गेले. पेट्रोल रेशनवर, धुळ्याला एकदा जाऊन येण्यापुरते. त्यामुळे गाडी हिंडवून पाहणे शक्य नव्हते. ती जागीच हलवायची, आणि हलवायला मी. कासोटा घट्ट खोचून मी मागच्या मडगार्डवर भार द्यायची आणि सोडायची, मामा खालून फुंकणी लावून ऐकायचे. "अजून एकदा, सूनबाई. जरा रागानं." दोन दिवसांनी निदान झाले. चाकांवर गाडीचा भार तोलणारे पोलादी पाटे ज्या पिनांवर झुलतात, त्या पिना झिजून कमरेत बारीक झाल्या होत्या आणि त्यांच्या भोवतीची बुशं, म्हणजे अस्तराच्या नळ्या, नावालाच उरली होती. मुंबईहून सुटे भाग येणे लढाईने बंद केलेले. मामांनी जिनातून मोडीत निघालेला एक दांडा आणून लोहाराकडून पिना करून घेतल्या. इंजिनाच्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे चार दिवस एरंडेलात भिजवले, घट्ट गुंडाळी करून त्यांचीच बुशं बसवली. मी म्हटले, "मामा, चामडं किती टिकेल?" "धुळं करून येईपर्यंत टिकलं तरी मी त्याला मानपत्र देईन."

गाडी खाली उतरवली. मी रागाने भार दिला. खट् गेले होते. मी हात धुवायला निघाले, तर मामा फुंकणी हलवत म्हणाले, "थांबा. आवाज दोन होते. मोठा गेला म्हणून धाकटा ऐकू येतोय." खरेच, आत कुठेतरी बारीक टक् होत होते. तीन दिवस त्यांनी सारी गाडी पालथी घातली. प्रत्येक नट आवळला. टक् तसेच. सातवा सरायला चार दिवस राहिले आणि मामांचे जेवण अर्ध्यावर आले. शेवटी मी त्यांना मडगार्डवर धाडले आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी गाडी हलवली आणि टक् थेट माझ्या मांडीखाली झाले. गादी उलटी केली. खालच्या कापडावर हातभर वेगळीच शिवण होती. टाके मामींचे होते. गोधडीला त्या असेच तिरके टाके घालतात. कात्री लावण्याआधी मी त्यांना हाक मारली.

मामी आल्या आणि गादीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ते काढायचं नाही."

"आहे काय आत?" मामांनी विचारले.

"नारळ. गाडीच्या पूजेचा. पोरीचं पहिलं मूल या गाडीतून घरी येईल तेव्हा फोडीन, असं बोललेय मी. सांगितलं असतं तर तुम्ही उकलून बघितलं असतं." सहा वर्षांत त्या नारळाचे पाणी आटले, खोबऱ्याचा गोटा सुटला आणि करवंटीत वाजू लागला होता. घरातला प्रत्येक आवाज ओळखणाऱ्या माणसाला तेवढा एक कधी ऐकू आला नव्हता.

मामांनी फुंकणी गादीला लावली, बराच वेळ ऐकले. मग ती मामींच्या हातात दिली. "घे. चूल विझली असेल तुझी." फुंकणी त्यांनी आपण होऊन परत केल्याचे मी तेव्हा प्रथमच पाहिले.

धुळ्याला आम्ही तिघे गेलो. एरंडोल, पारोळा, सगळे खड्डे चामड्याने मुकाट्याने गिळले. विहीणबाई आधी स्वतः मागे बसल्या आणि पांझरा नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारायला लावली. मामींनी माझा हात घट्ट धरला होता. पुलाजवळ टक् झाले.

"हाई काय शे, भाऊ?" विहीणबाईंनी मागून विचारले.

आवाजाच्या बाबतीत मामा कधी खोटे बोलले नाहीत. त्यांनी गाडी उभी करून सगळे सांगितले. विहीणबाईंनी गादी चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "मंग वाजू द्या. मीबी एक बांधेल शे, आढ्याले." घरी गेल्यावर शिडी लावून त्यांनी आपला नारळ उतरवला आणि सुनेच्या ओटीत घातला. "दोन्ही संगेच फोडा." परतताना गाडीत दोन नारळ वाजत होते. मामा एकदाही खाली उतरले नाहीत.

मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिला मामांनी गाडीतून गावातून एक फेरी मारून दारात आणले आणि मामींनी दोन्ही नारळ फोडून नवस फेडला. खोबरे खवट होते. सगळ्यांनी तोंड वाकडे न करता खाल्ले. त्यानंतर गाडी अगदी मुकी झाली आणि मामा बेचैन. सपाट रस्त्यावर मध्येच थांबत, मागच्या सीटकडे कान लावत आणि पुन्हा निघत.

लढाई संपली, गाडी विकली गेली. पाठोपाठ मामा गेले, मग मामीही. भांडी वाटली तेव्हा फुंकणी मी मागून घेतली. चांगली जड आहे, फुंकर थेट निखाऱ्यावर जाते. कधी घरात कोणी नसले की फुंकण्याआधी मी ती कानाला लावते. काही ऐकू येत नाही. कानाला काजळी तेवढी लागते.