कड्यांची जागा

चामोर्शीकडे वैनगंगेच्या काठावर एका लाकूड ठेकेदाराची आरा मशीन होती. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी तिथे सुतार मिस्त्री होतो, वय चोवीस-पंचवीस. आमचं घर धिवराचं. आजा, बाप, काका सगळे नदीत जाळं टाकून जगलेले. नदी सोडून हातात रंधा धरणारा घरातला पहिला मीच, आणि त्याचा मला तेव्हा फार तोरा होता. कपड्यांना मासोळीचा वास येत नाही, एवढ्यावरही मी स्वतःला गावापेक्षा वेगळा समजायचो.

ठेकेदाराला आम्ही मालक म्हणायचो. माणूस बाहेरगावचा, बोलायला गोड. जंगलात आला की त्याचे दोन शौक : बंदूक आणि गरी. मासे धरायला त्याच्याकडे एक विलायती काठी होती. आमच्याकडची पोरं दोरीला गळ बांधून काठावर बसतात तसली नव्हे. मुठीच्या वरच्या अंगाला दोराची चरखी, काठीवर ओळीने बसवलेल्या धातूच्या लहान कड्या, आणि त्या कड्यांतून टोकापर्यंत जाणारा दोर. दोराच्या शेवटी चमच्यासारखा चकाकणारा पत्रा आणि गळ. काठी मागून पुढे झटकली की तो पत्रा नदीच्या मध्याच्याही पलीकडे जाऊन पडायचा.

एका हिवाळ्यात ही काठी जीपमध्ये ठेवलेली असताना तिच्यावर सागाचा दांडा घसरला आणि तिचे तीन तुकडे झाले. मालकांनी ते तुकडे आणून माझ्या बाकावर टाकले.

"मिस्त्री, अशीच दुसरी बनव. तुमच्या जंगलात बांबूची काय कमी हाय?"

मी हो म्हणालो. दारं, बैलगाडीची चाकं, साहेब लोकांच्या खुर्च्या, सगळं मी केलं होतं. काठीत काय असणार, असं वाटलं.

बांबू आणायला मी बापाला सोबत घेतलं, कारण भरीव बांबू कुठल्या बेटात मिळतो ते त्याला ठाऊक होतं. त्याने दोन दिवस हिंडून एकच निवडला. पेरं जवळजवळ, आतून भरीव, अंगठ्यापेक्षा थोडा जाड आणि शेंड्याकडे हळूहळू निमुळता होत गेलेला. तो मी सावलीत वाळवला, विस्तवावर शेकून सरळ केला, तेल पाजलं. मुठीला शिवणीचं लाकूड बसवलं. इथवर सगळं छान झालं.

मग कड्या लावायची वेळ आली. जुन्या काठीच्या कड्या शाबूत होत्या. मालकांनी सांगितलं, "सारख्या अंतरावर लाव. दिसायला सुंदर दिसलं पाहिजे. चांद्याहून माझे दोस्त येणार आहेत." मी फूटपट्टी घेतली, खुणा केल्या आणि सहा कड्या रेशमी धाग्याने तात्पुरत्या बांधल्या. दोर ओवला, त्याचं टोक शेडच्या खांबाला बांधलं आणि काठी उचलून वाकवली. वाकलेल्या काठीवर दोर दोन कड्यांच्या मध्ये खाली उतरला आणि बांबूला घासू लागला. शेंड्याजवळ तर तो सालीला चिकटूनच बसला. शिवाय काठी माझ्या मुठीत एका कुशीवर फिरू पाहत होती. मी तिला जोराने धरली, पण तो काही उपाय नव्हता.

चार दिवस मी कड्या पुढे-मागे करत राहिलो. दोन नव्या कड्या पितळी तारेच्या वळून घातल्या. दोर घासायचा थांबला तर शेंडा जड होऊन लोंबायचा. कडी काढली की पुन्हा घासायचा.

पाचव्या दिवशी दुपारी बाप मला भाकर घेऊन आला. मी काठीशी झगडताना त्याने पाहिलं. डोक्यावरचं मुंडासं काढून घाम पुसला आणि म्हणाला,

"काय करून राह्यला बे?"

"कड्या बसवून राह्यलो, बा. अंतर जमत नाई."

"अंतर कायनं मोजतं?"

मी फूटपट्टी दाखवली. तो हसला नाही. त्याने सगळ्या कड्या सोडायला लावल्या. नुसता बांबू घेतला, बुडखा जमिनीवर टेकवून शेंडा एका तळहातावर ठेवला, मधोमध दुसऱ्या हाताने दाबला आणि बोटांनी हळूहळू फिरवला. बांबू फिरता फिरता एका जागी आपोआप थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच थांबला.

"हे याची पाठ," तो म्हणाला. "बांबूले पाठ असते, पोट असते. मानसावानी. तू याच्या बरगडीवर कड्या लावल्या. मंग थो फिरनच."

त्याने पाठीवर कोळशाने रेघ ओढली. मग मला काठी धरायला लावली, दोर शेंड्याला बांधून त्याचं टोक स्वतःच्या मुठीत घेतलं आणि दहा-बारा पावलं दूर जाऊन ओढू लागला. मासा ओढतो तसा, आधी हळू, मग एकदम, मग ढील देऊन. मला म्हणाला, "काठीकडं पाह्य, माह्याकडं नोको पाहू. कुठी जास्त वाकते?"

शेंड्याकडे ती विळ्यासारखी वाकत होती, मध्यावर कमी, मुठीजवळ जवळजवळ नाहीच.

"जिथी जास्त वाकते तिथी कड्या जवळ जवळ. जिथी कमी वाकते तिथी दूर. तुया पट्टीले हे काऊन दिसन?"

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस बाप नदीवर गेला नाही. आम्ही दोघं शेडच्या मागे ते काम करत बसलो. तो ओढायचा, मी वाकवायचो, दोर कुठे उतरतो ते बघायचो आणि कडी बोटभर सरकवायचो. शेंड्याला चार बोटांवर पहिली, मग पाच बोटं, मग सहा, असं अंतर वाढत गेलं. चरखीजवळची कडी सगळ्यात अवघड गेली. ती फार जवळ आणली की चरखीच्या कडेवरून सुटणारा दोर तिच्यात तिरपा शिरून अडायचा. फार दूर नेली की फेकताना दोर फुगून काठीवर आपटायचा. तिची जागा आम्ही गळाऐवजी लोखंडी नट बांधून, मोकळ्या मैदानात फेकून फेकून ठरवली. शेवटी टोकाची धरून नऊ कड्या झाल्या. दोर वाकलेल्या काठीच्या अंगाअंगाने गेला, पण कुठेही टेकला नाही.

ते तीन दिवस मी बापाजवळ जेवढा बसलो, तेवढा मोठा झाल्यापासून बसलो नव्हतो. बोलता बोलता त्याने मला डोहाची गोष्ट सांगितली. आमच्या गावाखाली नदीला मोठा डोह होता. पलीकडच्या काठावर एक जांभळीचं झाड पाण्यावर वाकलेलं, त्याच्या मुळांखाली खडकाची कपार. तिथे पढीन बसते, म्हणाला. रुंद जबड्याची, पुरुषभर लांब. सकाळी ऊन पाण्यावर आलं की कपारीतून बाहेर येते आणि धारेकडे तोंड करून उभी राहते. "तिले आमी धरत नाई. थे हाये म्हनून बाकीची मासोळी त्या डोहात टिकते, असं माहा बाप सांगे." मग म्हणाला, "कोनाले सांगू नोको."

मालकांनी काठी पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "कड्या वेड्यावाकड्या अंतरावर काऊन हायेत?" मी त्यांच्या हातात काठी दिली आणि नट फेकायला लावला. नट शेडवरून पलीकडच्या ओंडक्यांच्या ढिगापर्यंत गेला. त्यांनी पुन्हा फेकला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला जीपमध्ये पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. गावातून जीप गेली तेव्हा लोक बघत होते. मी सरळ समोर बघत होतो.

आठ दिवसांनी चांद्याचे दोस्त आले. नदीकाठी खुर्च्या मांडल्या. मालकांनी काठी सगळ्यांना दाखवली आणि बांबूची पाठ-पोट, वाक आणि कड्या हे सगळं आपणच डोकं लढवून शोधलं असं सांगितलं. मी दहा हातांवर उभा होतो. मला ते फार लागलं. कित्येक दिवस तीच एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. बापाचं नाव त्यांनी घेतलं नाही हे दुःख नव्हतं, माझं घेतलं नाही हे होतं. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

त्या दिवशी मालकांना एक साधी मरळ मिळाली. दोस्त हसले. दुपारी मालकांनी मला बाजूला घेतलं.

"मिस्त्री, तू इथला. मोठा मासा कुठी बसतो?"

मला त्यांच्या नजरेत पुन्हा यायचं होतं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच डोंगा वल्हवत त्यांना जांभळीच्या समोर नेलं. ऊन पाण्यावर आलं होतं. तिसऱ्या फेकीला पढीन लागली. अर्धा तास काठी धनुष्यासारखी वाकून राहिली आणि दोर एकदाही घासला नाही. त्या अर्ध्या तासात मी मासोळीकडे बघितलंच नाही, कड्यांकडेच बघत होतो आणि मनातून खूश होतो. तिला काठावर ओढून आणलं तेव्हा दोन माणसांना उचलावी लागली. दोस्तांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले.

बापाला त्याच दिवशी कळलं. तो रात्री जेवायला बसला आणि ताटातला भात संपवून उठला.

उन्हाळ्याच्या तोंडी मालकांनी त्या डोहाचा ठेका घेतला. पाटी लागली, चौकीदार बसला. डोहात आणि त्याच्या वर-खाली हाकेच्या अंतरावर जाळं टाकायला बंदी. गावातले धिवर उथळ पाण्यात जाऊ लागले, पण उन्हाळ्यात मासोळी डोहातच असते. लोक मला विचारायचे, "भाऊ, तू मालकाजवळचा हायेस, बोलून पाह्य." मी दोन वेळा मालकांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा दुसरंच काम सांगून परत आलो. बायकोला सातवा महिना होता. नोकरी गेली तर काय, हा विचार मी ढालीसारखा पुढे धरला. तो खोटा नव्हता, पण ढाल म्हणून फार सोयीचा होता.

एका सकाळी मला शेडमधून बोलावलं. अंगणात बाप उभा होता, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. समोर त्याचं जाळं पडलेलं. चौकीदाराने त्याला डोहात धरला होता.

मालक शांतपणे म्हणाले, "तुझा बाप हाय म्हनून पोलिसात देत नाई. त्याले समजावून सांग."

मी बापाकडे वळलो. काय बोललो ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. "बा, कायदा हाये. ऐकाव लागते."

बाप म्हणाला, "कोनाचा?"

मालकांनी चौकीदाराला खूण केली. त्याने विळ्याने जाळं मधोमध फाडलं, मग पुन्हा आडवं. ते सुती जाळं बापाने दोन पावसाळे बसून विणलं होतं, त्याला बेहड्याच्या पाण्यात रंगवलं होतं. बाप शेवटपर्यंत उभा राहिला. मग खाली पडलेली शिशाची वजनं तेवढी वेचून धोतरात बांधली आणि गेला.

त्याच आठवड्यात मालकांनी आणखी तीन काठ्या करायला सांगितल्या, दोस्तांसाठी. तेव्हा मी ठरवलं होतं की कड्या चुकीच्या लावायच्या. पहिल्यांदा मालकांनी मागितल्या तशाच, पट्टीने मोजून, सारख्या अंतरावर, बांबूच्या बरगडीवर. दोर घासून तुटेल, काठ्या मुठीत फिरतील, एखादी मोडेल. पहिल्या काठीवर मी तसं केलंही. धागा गुंडाळला, रोगण द्यायला घेतलं. मग ती खांबाला बांधून वाकवून पाहिली, आणि ते बघवेना. मी धागा कापला आणि कड्या सरकवून नीट लावल्या. तिन्ही काठ्या चांगल्या झाल्या. हाताला वाईट काम जमलं नाही. लोक याला कारागिराचा गुण म्हणतील. मला त्यात भित्रेपणाच जास्त दिसतो.

घरी बापाने विचारलं, "तीन काठ्या केल्या म्हनते?"

"हो."

"कड्या मी दाखोल्या तशाच लावल्या?"

"हो."

त्याने चिलमीचा दगड पुसून साफ केला. मग म्हणाला, "चुकवता नाई आलं?"

त्याच्यानंतर तो माझ्याशी नदीबद्दल बोलला नाही. इतर बोलायचा. नातू झाला तेव्हा त्याला मांडीवर घेतलं. पण घर चालवायला त्याने दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, मजुरी धरली. रोवण्याला बायांच्या ओळीत कमरेतून वाकायचा, हिवाळ्यात बांध घालायला जायचा. सगळं आयुष्य पाण्यात उभा राहिलेला माणूस, चिखलात मात्र त्याचे पाय नीट पडत नसत.

मी वर्षभराने आरा मशीन सोडली. बाणेदारपणाने नाही. मालकांनी नवा मिस्त्री आणला, म्हणून. गोंडपिपरीत दुकान टाकलं, दारं-खिडक्या आणि वखरं-नांगर केले. काठी पुन्हा केली नाही.

मालकांचा मासोळीचा शौकही चार वर्षांत संपला. डोहात मोठं काही उरलं नव्हतं, आणि दोस्तांना दुसऱ्या जंगलात वाघ सापडला होता. ठेका सुटला, पाटी निघाली. बातमी कळली तशी मी सायकल काढली आणि गावाला गेलो. बाप एका पाटलाच्या बांधीत फावड्याने पार म्हणजे बांध नीट करत होता. मी बांधावर उभं राहून सांगितलं की डोह मोकळा झाला, आता कुणी अडवणार नाही.

त्याने फावडं थांबवलं नाही. "आयकलं," म्हणाला.

"सूत आणून देऊ का, बा? जाळ्यासाठी?"

"माहे डोळे कमी झाले." चिखलाचा एक लपका उचलून त्याने पारीवर थापला. "आन तू तिथी उभा नोको राहू. पार वली हाये, खचन."

मी बाजूला झालो. पुढच्या पावसाळ्याआधी तो वारला.