केरळहून आणलेलं स्थळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे चहा घशात अडकला तर खापर माझ्यावर फोडाल.

सत्त्याण्णव साली मी कानडी मुलखात, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात होतो. आम्ही दोघं नवराबायको जवळच यशवंतपूरला, घरमालकीण अक्कांच्या माडीवर भाड्याने राहायचो. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि ती जागा मला काही केल्या सोडायची नव्हती. म्हणजे अक्कांना खूश ठेवणं आलं. केरळला फिरायला निघालो तेव्हा अक्का जिन्यात म्हणाल्या, "नम्म हुडुगी मदुवेगे ओंदु ओळ्ळे कन्नडी तन्नी."

मी ऐटीत "सरी अक्का" म्हणालो आणि बायकोला अर्थही सांगितला. आमच्या मुलीच्या लग्नासाठी एक चांगला कानडी घेऊन या.

"अहो, नवरामुलगा असा कुणी मागवतं का? तोही केरळातून?"

"तुला कानडी कळत नाही, तू गप्प बस."

झालं. तिकडे बायको नारळ, खाडी, होड्या बघत होती आणि मी माणसं बघत होतो. एका होडीवाल्याला नुसतं "कन्नडी" म्हटलं, तर त्याने लगेच एका गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, कानड्यांची वस्ती दिसतेय.

गावात एका अंगणात एक म्हातारे कारागीर भट्टीपाशी बसले होते. त्यांनी मुंबईत दहा वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांना हिंदी यायची.

"कन्नडी चाहिए. शादी के लिए."

"है ना. कितना बडा?"

"सत्ताईस-अठ्ठाईस."

म्हातारबा दचकले. "इतना बडा नहीं बनता. पाँच का है, छे का है."

"पाच-सहाचा? अहो, मुलगी बावीसची आहे." हे मी मराठीतच म्हणालो, एवढा हबकलो होतो. बायकोने कोपराने ढोसलं, पण मी कसला थांबतो. "खानदान कैसा है?"

"चार पीढी से एक ही घर का. लेकिन संभालके ले जाना, गिरा तो गया. और रोज नरम कपडे से पोछना."

मुलगा जरा नाजूकच दिसतोय, मी मनात म्हटलं. पण करार डोळ्यांपुढे होता. "ठीक है, दिखाओ."

ते आत गेले आणि लाल मखमलीची एक डबी घेऊन आले. माझ्यापुढे धरून उघडली. आतून एक मूर्ख माणूस तोंडाचा आ वासून माझ्याकडे बघत होता.

"कन्नडी," म्हातारबा म्हणाले. "आईना."

कन्नडी म्हणजे आरसा. त्यांच्या मल्याळममध्येही आणि अक्कांच्या कन्नडमध्येही.

बायकोने माझ्या खांद्यावरून डबीत डोकावून पाहिलं. "मुलगा ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण लग्न झालेला आहे."

अक्कांच्या मुलीचं लग्न कधीच ठरलं होतं. त्यांना मंगल तबकात ठेवायला केरळातला तो नावाजलेला, काचेऐवजी धातूचा आरसा हवा होता. बायकोने घरी पोचल्या पोचल्या सगळं सांगून टाकलं, आणि अक्का हसत हसत जिन्याच्या पायरीवरच बसल्या. करार वाढला, त्याची काळजी मिटली.

लग्नात मात्र अक्का येईल त्या पाहुण्याला हाताला धरून आणायच्या. आधी तबकातला आरसा दाखवायच्या, मग मला.