गव्हाच्या कोठीतला लॅपटॉप

लॅपटॉप गव्हाच्या कोठीत आहे, असं सासूबाईंनी मला अगदी सहज सांगितलं. घरोघरी लोक तो तिथेच ठेवतात, असा सूर. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग पदर खोचला, पत्र्याच्या कोठीचं झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. गव्हाला एरंडेल चोळलेलं, मधूनमधून वाळलेला कडुनिंब हाताला टोचत होता. तळाशी काहीतरी चौकोनी लागलं. ओढून काढलं, तर नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, आणि टॉवेलाच्या घडीघडीतून गहू सांडतोय.

"अक्का, अहो हे काय केलंत!" मी जवळजवळ ओरडलेच. सासूबाईंना घरात सगळे अक्काच म्हणत.

"काय करू मंग? उंदरे पेटीबी कुरतडी टाकतस," अक्का म्हणाल्या. "गहूमा काहीच खराब व्हत नही." आणि खाली सांडलेला एकेक दाणा वेचून परत कोठीत टाकायला लागल्या. वर्षाचं धान्य जसं टिकवायचं, तशी त्यांनी पोराची वस्तू टिकवली होती. एरंडेलासकट. मला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं. लॅपटॉप ही वस्तू तेव्हा जळगावातही फारशी कुणी पाहिली नव्हती, धुळ्यापलीकडच्या, तापीकाठच्या माझ्या सासरच्या खेड्यात तर नावच नको. हे, म्हणजे माझा नवरा, दीपनगरच्या वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडे कंट्रोल पॅनेलची कामं करायचे. तिथे मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर परत जाताना आपला जुना लॅपटॉप ह्यांना देऊन गेला. जळगावातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत रविवारी हे त्याच्यासमोर बसायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. "बिघडेल गं," म्हणायचे. मी टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झालेली बाई, आणि म्हणे मी बिघडवणार! पुढे काविळीनं हे गेले, आणि ते भांडण तसंच राहून गेलं.

दिवसकार्य गावी झालं. ह्यांचे कपडे, अंथरूण, लॅपटॉप, सगळं तिथेच राहिलं. तेरावं झाल्यावर नाना, म्हणजे सासरे, म्हणाले की पोरीची शाळा आहे तोवर जळगावात राहा, वर्षश्राद्ध झालं की दोघी गावी या. वाईट बुद्धीनं नाही म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं लेकाच्या माघारी सून-नात उघड्यावर राहणं बरं नव्हतं. पण मला माहीत होतं, एकदा गावी गेले की मी जन्मभर चुलीपुढची 'बिचारी', आणि पोरगी सातवीनंतर घरात. मला ते नको होतं. मुळीच नको होतं.

म्हणून मी जळगावातल्या एका छापखान्यात काम मागायला गेले. मालकांनी माझा टायपिंगचा वेग बघितला, मान डोलावली आणि मग नुसतेच पेन फिरवत बसले. "ताई, काम भरपूर आहे. लगीनसराईत पत्रिकांचा ढीग पडतो. पण दुकानात मुलीकडचे-मुलाकडचे येतात. लोकांचं काही सांगता येत नाही हो." माझ्या मोकळ्या कपाळाकडे न बघण्याची ते फार काळजी घेत होते. "घरी कॉम्प्युटर असेल तर घरून करा. फ्लॉपी आणून द्या. टाईप कुणी केलं, कुणाला कळतंय?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी दुकानात बसून टाईप केली तर पत्रिका अशुभ, आणि फ्लॉपीतून आली की शुभ! पण गरजवंताला अक्कल नसते. आहे, घरी कॉम्प्युटर आहे, असं सांगून मी थेट गावची एस.टी. पकडली. तो चालला तर आम्ही दोघी जळगावात, नाही चालला तर गावी. दुसरा रस्ता नव्हता.

लॅपटॉप घेऊन निघाले, तर नानाही टोपी घालून तयार. "मी येस संगे," एवढंच म्हणाले. मी नेते नीट, म्हटलं तरी ऐकेनात. धुळ्याहून जळगावपर्यंत त्यांनी ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. एरंडोलला चहा प्यायला सगळी गाडी उतरली, नाना उतरले नाहीत.

घरी आल्यावर मी ह्यांचा दाढीचा ब्रश काढला आणि त्यानं एकेक बटण झाडत बसले. कडुनिंबाचा चुरा निघाला, कोंडा निघाला, गव्हातले मेलेले पोरकिडे निघाले. एरंडेलानं बटणं चिकट झाली होती, ती ओल्या फडक्यानं पुसली. नाना समोर बसून बघत होते. शेवटी वायर लावली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. अगं बाई! मला इतका आनंद झाला की मी पोरीला हाक मारली. ती धावत येईपर्यंत पडद्यावर एक चौकट आली आणि तिथेच थांबली. पासवर्ड मागत होती.

"काय म्हनस?" नानांनी विचारलं.

"कुलूप आहे, नाना. आतलं. एक शब्द टाकला की उघडतं. तो शब्द फक्त ह्यांना माहीत."

माणूस स्वतःच्या माणसांची नावं ठेवतो, असं ऐकलं होतं. आधी ह्यांचं नाव टाकायचं ठरवलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. उखाण्याशिवाय मी ते कधी उच्चारलं नव्हतं, आणि समोर सासरे बसलेले. मी एक एक अक्षर दाबत ते टाईप केलं. तोंडानं घेतलं नाही ते बोटांनी घेतलं. मशीन कर्कश ओरडलं. चूक. मग लेकीचं नाव. चूक. आता माझंच असणार, असं मनात म्हटलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून जरा वळून टाईप केलं. चूक! आणि मशीन बंदच पडलं.

लाज वाटली आणि रागही आला. माझं नाही, तर मग कुणाचं? परत चालू करून अक्कांचं टाकलं, गावाचं टाकलं, कुलदेवतेचं टाकलं. तीनदा चुकलं की बंद, परत चालू, परत चूक. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. मी झाकण आपटलं आणि भाकरी थापायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नेला. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत, ते नानांना फार आवडलं. क्लासचे सर टाय लावून होते. त्यांनी मशीन उलटंपालटं केलं, वास घेतला आणि म्हणाले, "ह्याला तेल कुणी लावलं?" मग म्हणाले, पासवर्ड शोधत बसण्यात अर्थ नाही. आत एक छोटी बॅटरी असते, बटणाएवढी. तिच्या जोरावर हे मशीन पासवर्ड लक्षात ठेवतं. ती काढली की विसरतं. नवी बसवायची, झालं काम. आतल्या बाकीच्या वस्तूंना धक्का लागत नाही.

माझा जीव भांड्यात पडला. पण नाना उठून उभे राहिले. "नही. कुलूप तोडानं नही." आणि लॅपटॉप पिशवीत घालून चालायला लागले.

घरी आल्यावर कारण कळलं. त्यांच्या घरात रीत होती. गेलेल्या माणसाची पेटी त्याच्याच किल्लीनं उघडायची. किल्ली सापडली नाही तर कुलूप फोडायचं नाही. वर्षश्राद्धाला पेटी तशीच, बंदची बंद, तापीत सोडायची. नानांच्या वडिलांची पेटी अशीच गेली होती. आत काय होतं ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

"त्यानी लायेल शे कुलूप," नाना म्हणाले. "नही उघडनं, ते तापीमा सोडी देऊत."

तापीत! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तोवर मी सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "आणि मला कुठे सोडणार, नाना? तुमच्या नातीला कुठे सोडणार? पेटी आहे का ही? माझी भाकरी आहे ती! हे असते तर त्यांनीच उघडून दिलं असतं मला!"

हे शेवटचं खरं नव्हतं. ह्यांनी मला हातही लावू दिला नव्हता. पण निघून गेलं तोंडून. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत बसले. मी रडत होते, पोरगी दाराशी उभी राहून आम्हा दोघांकडे बघत होती. त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

सकाळी चहा दिला, तर नाना म्हणाले, "चालू कर ते." मी केलं. नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, त्याच्या लहानपणी मी त्याला एक नाव ठेवलं होतं, ते टाक. त्यांनी नाव सांगितलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. बापलेकातलं होतं ते, शेतावरचं, मोटारीवर पाणी द्यायला जाताना मारायच्या हाकेचं. नाना पुढे वाकून माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांची खात्री होती. मलाही त्या क्षणी वाटलं की हेच असणार, आणि हेच असावं, असंसुद्धा वाटलं.

मशीन ओरडलं.

नाना पडद्याकडे बघत राहिले. "एकदा परत टाक. चुकनं व्हई तुनं." मी परत टाकलं, सावकाश, त्यांना दाखवत. परत तेच. "बापलेबी नही सांगं त्यानी," ते हळूच म्हणाले. माझं नाव चुकलं तेव्हा माझ्या मनात जे झालं होतं, तेच आता त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्यांची इतकी दया आली की कालचा सगळा राग विसरले. थंड झालेला चहा त्यांनी एका घोटात पिऊन टाकला आणि म्हणाले, "चाल. काढ ती बेटरी."

क्लासमध्ये सरांनी खालचे स्क्रू काढले. झाकण उचललं तर आतूनही गव्हाचे दाणे टेबलावर घरंगळले. सरांनी कपाळाला हात लावला. नानांनी ते दाणे गोळा करून खिशात टाकले. मग सरांनी चिमट्यानं ती बॅटरी काढली, जरा थांबून नवी बसवली आणि मशीन चालू केलं. पासवर्डची चौकट आली नाही. फक्त आजची तारीख विचारत होतं. मशीनच्या लेखी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी होतं.

"ऐंशी साल?" नाना म्हणाले. "तव्हय तो पाचवीमा व्हता."

मी आजची तारीख टाईप केली आणि शेवटचं बटण दाबायला बोट उचललं, ते तसंच राहिलं. दाबेना. ते दाबलं की यंत्रालासुद्धा कळणार होतं की हे नाहीत. सर घड्याळ बघत होते. तेव्हा नानांनी हात पुढे केला आणि शेतातल्या मोटारीचं स्टार्टर दाबावं तसं अंगठ्यानं ते बटण दाबलं. मशीन पुढे गेलं.

निघताना त्यांनी सरांकडून ती जुनी बॅटरी मागून घेतली आणि रुमालाच्या टोकाला बांधली. मग बाहेर चपला घालायला गेले. तेवढ्यात सर मला म्हणाले, "ताई, एक सांगू? हे जुने लॅपटॉप असेच येतात. पासवर्ड त्या परदेशी साहेबाचाच असेल, देताना त्यानं तुमच्या मिस्टरांना सांगितला असेल. बदलत नाहीत लोक." मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे दुसरं कुणाचं नाव नव्हतं तर! आणि लगेच दारातून नाना दिसले, वाकून चपलेचा अंगठा शोधत होते, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ घट्ट धरलेली. मी सरांना म्हटलं, हे त्यांना सांगू नका.

कामाला लागले. पहिली पत्रिका टाईप केली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', फ्लॉपी नेऊन दिली. वर्षश्राद्ध आलं तेव्हा मालकांकडची कामं घरात पडलेली होती. गावी जाताना मला धाकधूक होती, की चार लोकांपुढे नाना आता काय म्हणतात. पिंड झाले, आम्ही तापीवर गेलो. सगळं सोडून झाल्यावर नाना एकटेच गुडघाभर पाण्यात गेले, रुमालाची गाठ सोडली आणि काहीतरी लहानसं पाण्यात टाकलं.

"काय सोडं?" अक्कांनी काठावरून विचारलं.

"त्यानं कुलूप," नाना म्हणाले. "त्याले दी टाकं." मग ओल्या धोतरानं वर आले, माझ्याजवळ थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमनी गाडी चार वाजानी शे. पोरनी शाळा बुडाले नको."

मी मान हलवली. ते कुलूप बहुधा त्यांच्या लेकाचं नव्हतंच, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी पोरीचा हात धरला आणि स्टँडकडे निघाले.