भामरागडला न सोडलेली जागा
तुमच्या जागेवर दुसरं कोणी बसलं असतं तर ते वाचलं असतं का, असं स्वतःला कधी विचारलंय? रॉकेलचा वास आला की मला तशाच वासाच्या इंधनावर उडणारं बाबांचं हेलिकॉप्टर आठवतं आणि हाच प्रश्न पडतो. माझे बाबा एका खाजगी कंपनीचे पायलट. ते राजस्थानच्या वाळवंटावर उडायला शिकलेले. तिथं अडकलेल्या माणसाला कोणी मागं ठेवत नाही, असं जेवताना अभिमानानं सांगायचे. त्या पावसाळ्यात पुरानं भामरागडचा रस्ता बंद होता. कंपनीच्या दोन साहेबांना बाबा तिथं घेऊन गेले आणि मी हट्ट केला म्हणून चौथ्या सीटवर मला बसवलं. मी बारा वर्षांची होते. परत निघताना एका माणसानं साप चावलेली बायको खाटेवरून आणली. "हिले चंद्रपूरले न्या जी." बाबा म्हणाले, "जागा नाई, भाऊ. पोरीले कुठी ठेवू?" "पोरगी राहीन आमच्या घरी. दूधभात देऊ तिले, उद्या न्याले याजा." एक साहेब हसला, "पायलटसाहेब, पोरगी देऊन टाकता काय?" बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सीटचा पट्टा घट्ट धरला. आम्ही उडालो तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं तिचं लुगडं उडत होतं आणि तो ते दोन्ही हातांनी दाबून धरत होता. संध्याकाळी ती गेली, असं नंतर कळलं. आज तुम्ही अशा जागेवर बसला असाल, तर पट्टा धरून बापाच्या होकाराची वाट पाहू नका. खाली उतरा.