आतली कड

मीनाशी गोड बोलून कुणाचं काम झालं नाही, आणि भांडूनही फारसं झालं नाही. सिद्धगडाखालच्या एका वाडीत ती वाढली, मुरबाडला कॉलेज केलं आणि शहापूरला एका खाजगी कंपनीत नकाशांच्या कामाला लागली. आईबाप लवकर गेले. काकी जिवलीनं तिला आपल्या पोराच्या, जगनच्या जोडीनं वाढवलं. म्हणजे पोटभर जेवू घातलं आणि त्याहून जास्त बोलून घेतलं. मीनाही उलटून बोलायची. तरी सणाला ती वाडीत जायची आणि जगन तिला फाट्यावर घ्यायला यायचा.

त्या उन्हाळ्यात सरकारी जंगलात रोपं लावण्यासाठी खड्डे खणायचं काम निघालं. जेसीबी आला तो थेट जिवलीच्या शेतात. भाताची रोपं टाकायला तिनं पालापाचोळ्याचा राब भाजून जागा तयार ठेवली होती. त्या राखेतच पहिला खड्डा पडला. जगन धावत जाऊन मशीनच्या पुढ्यात उभा राहिला. ठेकेदाराच्या माणसानं त्याच्या नाकासमोर मोबाइल धरला. "बघ, सगळं हिरवं आहे. इथं शेत नायच."

"मंग मी कुटं उबा हाय?" जगन ओरडला. पुढं कुणी कुणाला आधी ढकललं यावर आजही एकमत नाही. दगड मात्र जगननंच मारला. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं आणि जगनवर गुन्हा दाखल झाला.

मोबाइलवरच्या त्या नकाशावर मीनाच्या कंपनीचं नाव होतं.

ती वाडीत पोचली तेव्हा जिवलीच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी पाणी विचारलं नाही.

"कशाला आलीस गो?" जिवली म्हणाली. "काय उरलंय ते मोजाया?"

"काकी, मी नाय केलं हे."

"पगार कुनाचा खातेस? त्यांचाच ना?"

"हो, त्यांचाच खाते. म्हणूनच बघते काय झालंय ते."

"बघ. आनि बघून झाल्याबिगर तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिनं तो नकाशा उघडला. वाडीच्या जागी खरंच एकसलग जंगल होतं. मीनाला आठवलं की आधी तसं नव्हतं. जंगलाच्या हिरव्या आकारात वाडीएवढं एक भोक होतं. घरं आणि शेतं त्या भोकात होती. ते बुजलं होतं.

कंपनीचा नकाशा सरकारी सर्व्हरवरून यायचा. मागणी पाठवली की सर्व्हर प्रत्येक हद्दीचे बिंदू ओळीनं लिहून पाठवी. ते लिहायच्या पद्धतीच्या आवृत्त्या होत्या. कोणती हवी ते मागणीतच सांगायचं. जुन्या आवृत्तीत आकाराच्या बाहेरच्या कडेला एक नाव होतं आणि आतल्या भोकाच्या कडेला दुसरं. नव्या आवृत्तीत दोन्ही नावं बदलली होती. तिचा साहेब अक्षय यानं मागणीत नवी आवृत्ती टाकली आणि कंपनीच्या प्रोग्रॅमला बाहेरच्या कडेचं नवं नाव शिकवलं. आतल्या कडेचं शिकवायचं राहिलं. प्रोग्रॅमनं तक्रार केली नाही. ओळखीचं नाव दिसलं नाही, तेवढा भाग त्यानं सोडून दिला.

मीनानं जुन्या आवृत्तीत तीच मागणी पाठवली. वाडी परत आली. मग तिनं इतर गावं पाहिली. उंबरमाळीकडच्या पाड्यांपर्यंत, जिथं जिथं जंगलाच्या पोटात वस्ती होती, तिथं तिथं हिरवा रंग फासला गेला होता.

अक्षयनं दोन्ही नकाशे पाहिले आणि आधी केबिनचं दार लावलं.

"तुझी वाडी आहे म्हणून तुला दिसलं."

"माझी आहे म्हणून मी बघितली. तू तर कुणाचीच बघितली नाहीस."

"आवाज खाली. आज दुरुस्त करतो. बाहेर बोलायचं नाही, कंत्राट जाईल."

"आणि जगन?"

"त्यानं माणसाचं डोकं फोडलंय, मीना. त्याला नकाशा काय करणार?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला अक्षयचा जास्त संताप आला. ती तशीच उठली आणि रोपांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. कंपनीचं काहीच तिनं सोबत नेलं नाही. सर्व्हर सगळ्यांना खुला होता. अधिकाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर तिनं दोन्ही आवृत्त्यांत मागणी केली. त्यानं दोन्ही नकाशे आलटून पालटून पाहिले. मग फोन उचलून काम थांबवायला सांगितलं आणि तिच्यावरच डाफरला, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

संध्याकाळी कंपनीनं तिला काढलं. कारण दिलं, शिस्तभंग. अक्षय अजून तिथंच आहे.

वाडीत बातमी पोचली होती. मीना गेली तर शेतातले खड्डे तसेच होते, आणि जिवली एका खड्ड्यात घमेल्यानं माती लोटत होती.

"नकाशा सुदारला म्हनतात," ती मान वर न करता म्हणाली. "माजा पोरगा सुदारतील का?"

"दगड माराया मी सांगितलं होतं का त्याला?"

"मंग कागदावरनं आमाला पुसाया कुनी सांगितलं व्हतं?"

मीनानं दुसरं घमेलं उचललं आणि शेजारच्या खड्ड्याला लागली. दोघी एकमेकींकडे पाठ करून माती ओढत राहिल्या.

जगनचा खटला मुरबाडच्या कोर्टात चालू आहे. वाशिंदला एका कारखान्यात मीनानं नवं काम धरलंय. तारखेला रजा टाकून ती साक्षीला येते. गेल्या तारखेला सरकारी वकिलांनी तिला विचारलं, जमीन नकाशात नव्हती म्हणून दगड मारणं बरोबर का? ती म्हणाली, "नाही. पण मीही तिथं असते तर मारला असता."

जगनच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर जगन तिच्यावर खेकसला, "तुला कुनी येवडं बोलाया लावलं गो?"

"मग पुढच्या वेळी तूच बोल," मीना म्हणाली आणि वाशिंदची गाडी बघायला रस्त्यावर गेली.