आमच्या कुत्रीचं खरं वय

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चंदीगडला संशोधन करायला आली आणि आल्या आल्या तिनं आमच्या घरातलंच रक्त काढून नेलं. कुत्रीचं हो! वयामुळे आणि आसपासच्या हवेमुळे पाळीव जनावरांच्या गुणसूत्रांची किती मोडतोड होते, हा तिचा विषय. मी जेमतेम सातवी शिकलेली. "मला कळेल असं सांग गं," म्हटलं. तर म्हणाली, "मावशी, पेशीच्या आत बारीक धागे असतात. ते कुठे कुठे तुटलेत, हे मी सूक्ष्मदर्शकातून मोजते." झालं, कळलं की!

आमची कुत्री तिला हवीच होती, कारण ती रोज यांच्याबरोबर इंडस्ट्रियल एरियात जाते. हे निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच राहिलो, आणि तिथल्या एका सरदारजींच्या वर्कशॉपमध्ये यांचा जीव रमला. पगार नाही, काही नाही. नऊ वाजता डबा घ्यायचा, लेथ मशीनवर काहीतरी खुडबुड करायची, पाचाला परत. कुत्री दिवसभर लेथच्या बाकाखाली. पंचकुल्याची बंगल्यातली कुत्री, खरड गावाकडची मोकळ्या रानातली कुत्री, आणि ही आमची कारखान्याच्या धुरातली, अशी तुलना करायची होती म्हणे.

भाचीनं कुत्रीचा पाय धरला, सुई टोचली. फॉर्म मी भरला. वयाच्या रकान्यात 'सात' लिहिलं, अगदी ऐटीत.

महिन्याभरानं पोरगी आली. चहा गार झाला तरी कप उचलेना. मग मोबाइलवर फोटो दाखवला. शेवयांचा चुरा सांडावा तसं काहीतरी. "सात वर्षांच्या कुत्रीत एवढी तुटातूट दिसायला नको होती, मावशी. एका नमुन्यावरून नक्की सांगता येत नाही. पण काका तिथे रोज जातात ना, म्हणून..."

पुढचं तिला बोलावंच लागलं नाही. जी हवा कुत्री घेते, तीच हे घेतात. दुसऱ्या दिवसापासून मी डबा भरायचा बंद केला.

"अगं, मी कुत्रा आहे का?" हे चिडून म्हणाले.

"कुत्र्याचे निदान धागे मोजलेत. तुमचे कोण मोजणार?"

सरदारजींचा फोन आला, "आंटी जी, अंकल नू भेजो जी, मशीन उदास है." मी म्हटलं, मशीनला डॉक्टरकडे न्या. पण खरं सांगते, बघवत नव्हतं. नऊ वाजले की हे बूट घालून दाराशी बसायचे, आणि कुत्री यांच्या पायाशी. दहा वाजता बूट काढायचे. असे तीन आठवडे.

मग हरतालिका आली. कुत्री आमच्याकडे याच दिवशी आली, म्हणून दर वर्षी मी तिला ओवाळते. भाची नेमकी घरी होती. मी निरांजन फिरवलं, दहीभात पुढे ठेवला आणि म्हटलं, "घ्या, झाली आठ वर्षांची बाई."

भाची हसत म्हणाली, "पिल्लू असताना कशी दिसायची गं?"

"पिल्लू कुठलं? वर्कशॉपच्या शेडमधून यांच्या मागे चालत आली तेव्हाच पोट लोंबत होतं तिचं. दोन-तीन विणी झालेल्या असणार."

पोरीचं हसू थांबलं. "मग फॉर्मवर सात कसं लिहिलंस?"

"घरात आल्याला सातच वर्षं झाली होती ना! त्याआधीचं मी कसं धरणार? ते काय आपल्या घरचं वय आहे?"

तिनं तिथेच सरदारजींना फोन लावायला लावला. ते म्हणाले, शेडवर पत्रे चढवले तेव्हा ही मुठीएवढी होती, आणि पत्र्यांना तर तेरा-चौदा वर्षं झाली, पक्का. पोरीनं कुत्रीचा ओठ वर करून झिजलेले दात पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळी तिचाच फोन आला. तेरा वर्षांच्या इतर कुत्र्यांशी ताडून पाहिलं होतं तिनं. खरडच्या रानातल्या म्हाताऱ्या कुत्रीचे धागेही जवळजवळ एवढेच तुटलेले. "वयानं, मावशी. बरंचसं वयानंच. धुराचा थोडा वाटा असेलही, काकांनी मास्क लावावा. पण मी घाबरवलं, ते विसरून जा."

मी ओट्याला धरून खालीच बसले. उपासानं नव्हे हो! हे धावत आले. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणतात, "मग माझंही वय लग्नापासून धर. पन्नाशीसुद्धा नाही झाली माझी!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. कुत्री मात्र ढिम्म, दहीभाताची वाटी चाटत बसलेली.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच डबा भरला. यांच्या पोळ्या, आणि खाली तिची एक जास्तीची. वर मास्क ठेवला. मास्क फाटकापाशी पोचेपर्यंत हनुवटीवर आला होता, हे मी खिडकीतून पाहिलं. मोठ्यानं ओरडले. यांनी मागे न बघताच तो वर ओढला.