बुबुळ दोन बोटं डावीकडे

पेंटर मास्तरांनी तीस वर्षं सिनेमाची पोस्टरं रंगवली. कुठूनही पाहिलं तरी नायकाची नजर आपल्यावरच, ही त्यांची खासियत. संग्रहालयाच्या भिंतीवर माणूस जन्मण्यापूर्वीचा समुद्र रंगवतानाही हात तसाच चालला. आ वासलेला अजस्र जलसरडा पुढ्यातल्या माशाकडे न बघता पाहणाऱ्याकडे बघत होता.

"मास्तर, हा शिकार करतोय की मतं मागतोय?" चित्र तपासायला आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत नजर बदला, नाहीतर उद्घाटनाला भिंतीवर पडदा टाकावा लागेल."

मास्तर चार वेळा शिडी चढले, चार वेळा उतरले. खाली रंग कालवणारी बायको वैतागली. "अहो, एकदाचं काय ते करा. शिडीचेसुद्धा पाय दुखायला लागले."

शेवटी त्यांनी बुबुळ दोन बोटं डावीकडे सरकवलं. बाईंनी मान डोलावली.

मास्तर मात्र दालनभर येरझाऱ्या घालत राहिले. आता सरडा कुठूनच त्यांच्याकडे बघेना. त्यांच्याकडे बघत होता तो पुढचा मासा.

"त्याचीही नजर बदलू?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नको. मागे काय आहे, ते त्याला अजून कळलेलंच नाही."

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मला कळलंय ना पण," ते पुटपुटले.

बायकोने शिडी मिटून ठेवली.